इयत्तेचा उंबरठा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो आणि मुलांची दिवाळी सुरू होते. किल्ल्याची माती कालवताना त्यांच्या तोंडावर जो आनंद असतो, त्यातला निम्मा तरी परीक्षा सुटल्याचा असतो. अशा वेळी फराळाच्या ताटाशी निकालाचा विषय काढू नये हे मला कळते. पण ज्याचा जन्म मास्तरकीत गेला, त्याने दुसरा विषय आणावा तरी कोठून?

आपण मुलाला सहज विचारतो, ‘कितवी इयत्ता?’ संस्कृतात इयत्ता म्हणजे ‘एवढेपणा’, माप. इंग्रजी ‘स्टँडर्ड’ला आपल्याकडे हा शब्द मिळाला आणि तो फार चपखल बसला, कारण विलायतेत ही स्टँडर्डे जन्माला आली तीच मुळी मोजमापासाठी. १८६२ साली तेथील शिक्षणखात्याचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली अमलात आणली. शाळेला सरकारी पैसा मिळायचा तो मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेवर. वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांत सहा इयत्तांची मापे ठरली. नेमाने शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलामागे परीक्षेचे आठ शिलिंग. तो एका विषयात नापास झाला की त्यातून दोन शिलिंग आठ पेन्स वजा. तिन्ही विषयांत नापास, तर आठही शिलिंग गेले! वाण्याच्या वहीत शोभावा असा हा हिशेब.

परिणाम व्हायचा तोच झाला. जेवढे मोजले जाईल तेवढेच शिकवले जाऊ लागले. कवी मॅथ्यू आर्नोल्ड हे पोटापाण्यासाठी शाळातपासनीस होते. न समजताही मुलांना परीक्षेतून पार करण्याची युक्ती शिक्षकांना साधणारच, असे त्यांनी आपल्या अहवालातून सरकारला बजावले. तरीही ही पद्धत पुरती जायला तीसेक वर्षे लागली.

आपल्याकडे परीक्षेचे महत्त्व आणखी एका वाटेने वाढत होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवण्यासाठी नव्हे, तर परीक्षा घेण्यासाठी. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर विद्यार्थी बसले आणि उत्तीर्ण झाले ते विसाच्या आसपास. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कॉलेजात जाण्यासाठी केलेला हा दरवाजा पुढे नोकरीचाही दरवाजा झाला, आणि ‘मॅट्रिक पास’, ‘मॅट्रिक नापास’ ही माणसांची वर्णने होऊन बसली.

निकालावर पैसा देण्याची विलायती रीतही आपल्या शाळांत आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात त्यांनी या रीतीला स्पष्ट विरोध केला. ज्या गरीब वर्गांत अजून शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. त्यांच्यात शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. तेथे सरकारनेच शाळा चालवाव्यात, असे त्यांचे म्हणणे. आयोगाने मात्र प्राथमिक शाळांसाठी ही रीत चालू ठेवण्याचीच शिफारस केली. सरकारने ती सोडण्याचे धोरण जाहीर केले ते कर्झनच्या काळात, १९०४ साली. तोवर जोतीरावांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

हे मी पुस्तकात वाचले ते फार उशिरा. त्याआधीच माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली होती. १९७४ साली एका खेड्यातल्या शाळेत मी चौथीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येई. तो रडला की बाहेर जाई, निजला की परत येऊन बसे. भागाकार तिला येत नव्हता. वार्षिक परीक्षेनंतर मी तिच्या नावापुढे ‘नापास’ लिहिले. माझे गुण अगदी बरोबर होते. मी दोनदा बेरीज तपासली होती. जूनमध्ये शाळा उघडली, ती आली नाही. पुढेही कधी आली नाही.

म्हणून २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरले, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण पुढे शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याकडे बसू लागला. दोन ओळी वाचताना त्याला घाम फुटे. त्याला कोणी मागे ठेवले नव्हते. पण त्याच्यासाठी कोणी थांबलेही नव्हते. २०१९ साली कायदा बदलला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेचा उंबरठा आला.

त्या बदललेल्या कायद्यात मला एकच गोष्ट मोलाची वाटते. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचे आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. खरी कसोटी आहे ती या दोन महिन्यांची, आणि ती मुलाची नाही, आपली आहे. माप लावून नुसते बाजूला होणे सोपे असते. ते मी केले आहे.

भागाकार शिकवायला दोन महिने पुष्कळ झाले. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे तेवढे होते.