लष्करी रंग उतरवणारे शहर

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी वैमानिकांना एक जुना नाद आहे. दोन आसनांचे खासगी विमान घ्यायचे आणि त्याला दुसऱ्या महायुद्धातला लष्करी रंग द्यायचा. पायपर कब हे मूळचे पिवळे, शिकाऊ वैमानिकांचे विमान. युद्धात तेच तोफखान्यासाठी टेहळणीला गेले तेव्हा शेवाळी हिरवे झाले. आज कितीतरी मालक आपल्या कबला तो हिरवा रंग देतात आणि पंखांवर जून १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या चढाईतले काळे-पांढरे पट्टे ओढतात. कायदाही त्यांना सांभाळून घेतो. अमेरिकेत तीस वर्षांहून जुन्या छोट्या विमानावर नोंदणीची अक्षरे दोन इंच उंचीची ठेवली तरी चालतात, म्हणजे दुरून फक्त लष्करी खुणाच दिसाव्यात. मुंबईत या नादाने मूळ धरले नाही. इथे खासगी विमाने मोजकी होती, ती परवडणारे त्याहून मोजके, हे खरेच. पण तेवढे कारण मला पुरेसे वाटत नाही. मुंबईच्या नागरी विमानांचा इतिहास लष्करी रंग उतरवण्याचा इतिहास आहे आणि तो नीट पाहिला तर हा नाद इथे आला नाही हे चांगलेच झाले, असे माझे मत आहे.

जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब हे दोन्ही १९२८ चे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून, आणि ते विमान सर्वस्वी नागरी होते. सात वर्षांनी युद्ध सुरू झाले. जुहूवर लष्कराचा ताबा आला, सांताक्रूझची धावपट्टी ब्रिटिश हवाई दलासाठी बांधली गेली. रंग चुकला की काय होते हे त्या काळातल्या एका निर्णयावरून समजते. १९४२ मध्ये पूर्वेकडच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल चिन्हातला मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत आपलाच तोफची आपलेच विमान पाडण्याचा धोका होता. पुढे युद्ध संपले आणि अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीला निघाली. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांतली कित्येक उतारू विमाने झाली. फोर्टमधल्या बॉम्बे हाउसमधून चालणारी टाटांची कंपनी आणि बॅलार्ड पिअरच्या सिंदिया बोटकंपनीच्या मालकीची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, दोघींच्या ताफ्यात डाकोटा होत्या. फौजी बाके गेली, गादीच्या खुर्च्या आल्या, हिरवा रंग खरवडून खालचा चकचकीत पत्रा उघडा केला गेला आणि त्यावर व्हीटीने सुरू होणारी भारतीय नोंदणीची अक्षरे चढली. टाटांची कंपनी १९४६ मध्ये एअर इंडिया झाली, त्याच वर्षी तिचे बोधचिन्ह असलेला महाराजा जन्मला, आणि १९७१ मध्ये तिच्या जम्बोच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्याचा झरोका रंगवला गेला. विमानाकडे पाहून कुणी दचकू नये, आत या असे त्याने म्हणावे, ही त्या सगळ्या रंगकामामागची दृष्टी होती. मुंबईच्या चित्रकलेतले आणि जाहिरातीतले ते फार मोठे काम आहे. त्याची म्हणावी तितकी नोंद आपण घेतलेली नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल. २७ ऑक्टोबर १९४७ पासून श्रीनगरला जवान पोचवण्यासाठी सरकारने नागरी कंपन्यांच्या डाकोटा कामाला लावल्या होत्या. नागरी रंगातल्या विमानांनीच तेव्हा फौज वाहिली, मग रंगाला अर्थ काय उरला? अर्थ आहे, आणि तो याच घटनेतून दिसतो. डाकोटा सैनिकही नेते आणि प्रवासीही, यंत्राला भेद कळत नाही. म्हणून त्याच्यावरची खूण खरी ठेवण्याची जबाबदारी माणसांवर पडते. काश्मीरमध्ये ती विमाने उघडपणे, सरकारच्या हुकमाने गेली आणि काम संपल्यावर प्रवासी वाहतुकीकडे परतली. याच्या उलट डिसेंबर १९९५ मध्ये नागरी नोंदणीच्या एका अँटोनोव्ह विमानाने पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर शस्त्रे टाकली. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारताच्या हद्दीत आले तेव्हा हवाई दलाने ते मुंबईतच उतरायला लावले. खोट्या खुणेचे विमान या शहराने आपल्या धावपट्टीवर पाहिले आहे.

जमिनीवर तर हा प्रश्न कायद्यानेच सोडवला. स्वातंत्र्यानंतर माझगावात महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतल्या. ती मूळची युद्धातली गाडी, पण शेतकऱ्याकडे, डॉक्टरकडे, कंत्राटदाराकडे गेली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. जीप कुणाचीही असू शकते, तो हिरवा रंग मात्र फक्त सैन्याचा. जुन्या जीपच्या शौकिनांना हा नियम जाचतो आणि त्यांची खंत मी समजू शकतो. तरीही नाक्यावरच्या हवालदाराला एका नजरेत गाडी कुणाची हे कळले पाहिजे, ही गरज शौकापेक्षा मोठी आहे.

आता ट्रान्सपॉन्डर आहेत, रडार आहे, विमान कुणाचे हे रंगावरून कोण ठरवतो, असेही कुणी म्हणेल. १९ सप्टेंबर १९६५ चा दिवस त्याला उत्तर देतो. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. विमान चालवत होते हवाई दलातून निवृत्त झालेले जहांगीर इंजिनिअर. मेहता, त्यांच्या पत्नी आणि सोबतचे सगळे गेले. पाडणाऱ्या वैमानिकाने अनेक वर्षांनंतर इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख व्यक्त केले. ते विमान नागरी होते, तरी हे घडले. मग रंगाने वाचवले कुठे, असे विचारता येईल. पण रडारवरच्या ठिपक्याला नाव नव्हते म्हणूनच तर वैमानिकाला जवळ जाऊन डोळ्यांनी पाहायला पाठवले होते. शेवटचा निवाडा आजही असाच नजरेवर येऊ शकतो. मुंबईपासून कच्छची सीमा छोट्या विमानाला काही तासांवर आहे. निष्पाप विमानाच्या बाजूने असलेला एवढासा पुरावाही हौसेखातर पुसून टाकणे मला गैर वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप स्मृतीचा आहे. लष्करी रंग देणारे बहुतेक लोक लढलेल्यांची आठवण जपत असतात, त्यात दिखावा नसतो, आणि मुंबईकरांनाही जवानाचे प्रेम आहेच. कारगिलनंतर गणपतीच्या मंडपांत युद्धाचे देखावे उभे राहिले ते त्याच प्रेमातून. पण आठवणीसाठी खऱ्या वस्तू आहेत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत हे भारतात बनलेले लढाऊ विमान उभे आहे. परळ-लालबागच्या शाळकरी मुलांना ते बसने गाठता येते. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, तेव्हा गिरगावच्या समुद्रावरून सूर्यकिरण या कसरतपथकाची लाल-पांढरी विमाने गेली. लोकांसमोर कसरती करणाऱ्या या पथकाला खुद्द हवाई दलानेही युद्धाचा रंग दिलेला नाही, हे लक्षात घ्यावे. आणि ज्याला जुन्या विमानावर लष्करी रंगच हवा आहे त्याच्यासाठी एक चांगला दाखला आहे. उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवत. चंद्रशेखर यांनी एक जुनी डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतली, तिच्यावर १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक घातला आणि २०१८ मध्ये ती हवाई दलाला भेट दिली. तिथे तिचे नाव परशुराम आहे. लष्करी रंग द्यायचा तर विमानही असेच लष्कराच्या हवाली करावे. खासगी विमानाने आपली नागरी ओळख ठळक अक्षरांत मिरवावी.