वाकविणारा ताप : नागपूर १९६५ ते चंद्रपूरची झाडीपट्टी

'चिकुनगुनिया' या नावात कोंबडीचा काडीचाही दोष नाही. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतला. अर्थ, 'जे वाकविते ते'. १९५२-५३ मध्ये टांगानिकाच्या माकोंडे पठारावर तापाची साथ पसरली आणि सांध्यांच्या वेदनेने माणसे अक्षरशः वाकली. त्यांनीच दिलेले नाव पुढे वैद्यकाने स्वीकारले.

भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कलकत्त्यात ओळखला गेला, १९६४ मध्ये मद्रासकडे आढळला आणि १९६५ मध्ये नागपुरात. तेथून चंद्रपूर जेमतेम दीडशे किलोमीटर. त्या जिल्ह्याचे 'चांदा' हे नाव तेव्हा नुकतेच बदलले होते. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला साथ आली. त्यानंतर जवळजवळ तीन दशके शांतता. एवढी, की हा आजार भारतातून गेला असे अनेकांनी गृहीत धरले.

२००५ च्या अखेरीस तो परतला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले तेव्हा वेगळीच गोष्ट उघड झाली : जुना विषाणू आशियाई वंशाचा होता, हा मात्र आफ्रिकी वंशाचा. म्हणजे जुना शत्रू जागा झाला नव्हता, त्याचा चुलतभाऊ आला होता. २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ताप म्हटला की प्रथम हिवतापच आठवतो, आणि ते गैरही नाही. परंतु हिवतापाचा डास वेगळा. चिकुनगुनियाचा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विदर्भातील कूलरची टाकी त्याला रांजणाइतकीच प्रिय.

ताप आठवड्याभरात उतरतो. विषाणू रक्तातून नाहीसा होतो, तरी प्रतिकारशक्तीने पेटविलेला दाह घोटे, मनगटे आणि बोटांच्या सांध्यांत मागे राहतो. कधी काही महिने, कधी वर्षानुवर्षे. संधिवाताशी त्याची गल्लत सहज होते.

त्या वर्षीच्या सरकारी नोंदीत या आजाराने थेट झालेला मृत्यू एकही नाही. बुडालेल्या मजुरीचा रकाना तर नोंदवहीत नसतोच. एडिस वाढतो पावसाळ्यात, आणि झाडीपट्टीत धानाची रोवणीही तेव्हाच : दिवसभर चिखलात, कमरेत वाकून.