छावणीबाहेरचे बिऱ्हाड

पलटणीमागून ज्यांचे बिऱ्हाड आयुष्यभर छावणीछावणीतून फिरले, त्या शिपाईकुटुंबांनी अखेर कोठे स्थिरावावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात केवळ निवाऱ्याचा नव्हता. मुलांची शाळा, आप्तांचा शेजार आणि तुटपुंजे निवृत्तिवेतन या साऱ्यांचा विचार त्यात अंतर्भूत असे. कोकणात दापोलीस इंग्रजांनी वसविलेली छावणी लष्कर निघून गेल्यावरही पेन्शनदारांना आपलीशी वाटत राहिली, याचे कारण हेच असावे.

महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केलेले सुभेदार रामजी सकपाळ १८९४च्या सुमारास निवृत्त झाले, तेव्हा कायमच्या वास्तव्याच्या हेतूने त्यांनी प्रथम दापोलीच निवडली. मूळ गाव आंबडवे त्याच मुलखातले होते. पुढे तो बेत बदलून हे कुटुंब साताऱ्यास गेले, आणि तेथे छावणीच्या आतले व बाहेरचे जग किती भिन्न आहे याचा दाहक प्रत्यय त्यांच्या धाकट्या भीमरावास, म्हणजे पुढच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस, आला. ज्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, त्याच सैन्यातील सुभेदाराच्या पुत्राला, अस्पृश्य मानला गेल्याने, शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे, सायंकाळी तो परत आणावा लागे. आणि शाळेच्या शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याची तहान भागत नसे. सरकारदरबारी मिळालेला हुद्दा गावाच्या वेशीवर निरर्थक ठरावा, हा अन्याय मला अक्षम्य वाटतो. १९०४ साली या कुटुंबाने सातारा सोडून मुंबईच्या चाळीत बिऱ्हाड केले.