सायलेन्सर कोणाला बांधायचा?

नॉर्टन कमांडो मधल्या स्टँडवर उभी करून चालू केली की नजर थेट इंजिनाकडे जाते. आयडलिंगला ते पुढे-मागे डोलत असते. त्याच्याबरोबर दोन्ही बाजूंचे बेंड पाइप डोलतात आणि पुढचे चाकही त्याच लयीत थरथरते. पहिल्यांदाच पाहणाऱ्या मेकॅनिकला वाटावे, फाउंडेशन बोल्ट सुटले आहेत. मग अ‍ॅक्सिलरेटर पिळला, फेरे मिनिटाला अडीच-तीन हजारांच्या पुढे गेले, की सगळे शांत होते. हँडलला हात लावला तर एवढे मोठे दोन सिलिंडरचे इंजिन चालू आहे याचा पत्ताही लागू नये, इतके शांत.

ही गाडी 1967 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिची कीर्ती झाली ती कंप मारण्याच्या युक्तीसाठी आणि ती योग्यच होती. मात्र या युक्तीने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. तो सायलेन्सरच्या बांधणीचा आहे, आणि मोटारसायकलच्या इतिहासात त्याला मिळायला हवे होते तेवढे लक्ष कधी मिळालेले नाही.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा प्रश्नच नव्हता. इंजिन सांगाड्याला घट्ट आवळलेले, पाइप आखूड, त्याच्या टोकाला पत्र्याचा एक डबा. इंजिन हलले तर सांगाडा हलायचा आणि सांगाड्याबरोबर डबाही. पुष्कळ गाड्यांना ‘कटआउट’ असे. म्हणजे एक झडप उघडली की धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर पडायचा. चढावर थोडी जास्त ताकद मिळायची, आणि आवाजाने गाव जागे व्हायचे.

आवाजावर बंधने येऊ लागली तसा हा डबा मोठा होत गेला. इंग्लंडमध्ये 1907 साली उघडलेल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकने आसपासच्या रहिवाशांची झोप उडवली होती. 1924 मध्ये प्रकरण कोर्टात गेले आणि त्यानंतर तिथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला ठरावीक प्रकारचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून तो आजही ओळखला जातो. इथे बांधणीचा हिशेब बदलला. लोखंडी डबा जितका मोठा आणि मागे लांब, तितका त्याचा भार पुढे पाइपच्या मुळाशी येतो. खड्ड्यातून गाडी गेली की तो डबा वर-खाली झुलतो आणि सगळा पीळ सिलिंडर हेडवरच्या जोडाला बसतो. म्हणून मागून आधार हवा, पट्टी हवी, क्लॅम्प हवा.

एडवर्ड टर्नर यांची ट्रायम्फ स्पीड ट्विन 1937 मध्ये आली आणि ब्रिटिश कारखान्यांना दोन सिलिंडरच्या इंजिनाचा नाद लागला. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. त्याने येणारा कंप 500 सीसीला चालून जातो. नॉर्टननेही बर्ट हॉपवुड यांनी आखलेले असेच 500 सीसीचे इंजिन चाळिशीच्या दशकाअखेरीस बाजारात आणले. पुढे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना ताकद हवी म्हणून ते वाढवत वाढवत 1962 च्या अ‍ॅटलास मॉडेलमध्ये 745 सीसीपर्यंत नेले. मूळ आराखडा तोच, पिस्टन मात्र जास्त जड. अ‍ॅटलास जोरात पळायची आणि तितक्याच जोरात थरथरायची. असा कंप बल्बच्या तारा तोडतो, नट सैल करतो आणि सायलेन्सरच्या पट्ट्यांना चिरा पाडतो.

1966 मध्ये नॉर्टनची मालक कंपनी बुडाली. डेनिस पूर यांनी ती उचलून नॉर्टन-व्हिलियर्स उभी केली. नवे इंजिन आखायला पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. रोल्स-रॉइसमधून आलेले डॉ. स्टीफन बाउर आणि त्यांचे सहकारी यांच्यासमोर काम असे होते की, इंजिन हेच ठेवायचे आणि त्याचा कंप चालवणाऱ्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही. नुसते इंजिन रबरावर बसवले असते तर चेनची ओळ बिघडली असती, कारण मागचे चाक एका जागी आणि इंजिन दुसरीकडेच हलणारे. म्हणून त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म एकाच गठ्ठ्यात बांधले आणि तो अख्खा गठ्ठा रबरी बुशांवर सांगाड्यात टांगला. या रचनेला नाव दिले आयसोलॅस्टिक. गठ्ठ्याला वर-खाली आणि पुढे-मागे हलण्याची मुभा होती, आडवे मात्र जवळजवळ अजिबात हलू द्यायचे नव्हते. त्यासाठी बाजूच्या फटी शिम घालून सुमारे दहा थाउ, म्हणजे पाव मिलिमीटरवर आणाव्या लागत. ढिल्या सोडल्या तर गाडी वळणावर डुलायची, कसल्या तर कंप परत हातात यायचा. 1975 च्या मार्क 3 मॉडेलमध्ये शिमऐवजी पेचाने फिरवून जुळवण्याची सोय आली, ती यासाठीच.

आता पाइपकडे पाहावे. त्याचे पुढचे टोक सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे हलणाऱ्या बाजूला. सायलेन्सर मात्र फूटरेस्टच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटला टांगलेला, आणि ती प्लेट सांगाड्याला, म्हणजे न हलणाऱ्या बाजूला. एकाच लांब नळीची दोन टोके दोन वेगळ्या मालकांकडे गेली. मधला सगळा फरक गिळायचे काम सायलेन्सरच्या ब्रॅकेटवरच्या छोट्या रबरी गुटक्यांवर आले. या गुटक्यांच्या दोन्ही टोकांना बोल्ट असतो आणि मध्ये नुसते रबर. उष्णता, तेल आणि खेचाखेच यांनी ते रबर धातूपासून सुटते. एक गुटका फाटला की उरलेल्यांवर भार, ते फाटले की सायलेन्सर लोंबतो. कोणी रागाने तिथे सरळ लोखंडी बोल्ट मारला तर आणखी वाईट. मागचे टोक जखडले जाते, पुढचे हलतच राहते आणि सगळा पीळ हेडमधल्या आट्यांवर येतो.

हे आटेच कमांडोचे खरे दुखणे आहे. पाइपला कॉलर असते, तिच्यामागे पॅकिंगची रिंग, आणि बाहेरून पंख्यासारख्या कडा असलेला एक मोठा गोल नट हेडच्या आत फिरवून आवळायचा. नट पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाचे भोक 200 अंशांनी तापले तर ते साधारण 0.23 मिलिमीटरने मोठे होते, नट मात्र 0.12 ने. म्हणजे थंड गाडीवर कचकून आवळलेला नट गाडी तापली की ढिला पडतो. त्यात कंप. नट आट्यांमध्ये खडखडू लागतो, पॅकिंग जळते आणि गरम वायू आट्यांमधून फटाफट बाहेर पडतो. असे काही शे मैल चालवले की मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे पिठासारखे गळून येतात.

कारखान्याने नटाच्या खाचेत दुमडायची पत्र्याची लॉक वॉशर दिली होती. जाणकार मालक तिच्यावर विसंबले नाहीत. नवे पॅकिंग घातल्यावर इंजिन तापवायचे, गरम असतानाच लांब दांड्याच्या खास पान्याने नट आवळायचा, थोडी गाडी फिरवून पुन्हा आवळायचा. काहींनी नटाच्या पंखाला बारीक भोक पाडून लॉक वायर बांधली. आटे गेलेच तर हेड काढून मशिनवर भोक मोठे करायचे आणि त्यात नव्या आट्यांचे बुश बसवायचे. ब्रिटन-अमेरिकेतल्या वर्कशॉपना या एका दुरुस्तीने वर्षानुवर्षे काम दिले. यात कमांडोची निंदा नाही. 1968 पासून 1972 पर्यंत सलग 5 वर्षे ‘मोटरसायकल न्यूज’च्या वाचकांनी तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवले, आणि जिने चालवणाऱ्याला एवढा आराम दिला तिच्या दुखण्याकडे त्यांनी मायेनेच पाहिले.

याच काळात हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर वेगळी तऱ्हा होती. रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावाने म्हैसूरला 1960 च्या दशकाच्या आरंभी जावा गाड्या बनवायला घेतल्या. 1973 पासून त्या येझदी नावाने निघाल्या आणि 1996 पर्यंत निघत राहिल्या. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, ही त्यांची ओळख. पाइप गोल, खाचांच्या नटानेच बांधलेले असत आणि टूलकिटमध्ये खाचेत अडकणारा वाकड्या तोंडाचा पाना मिळायचा. पण सिलिंडर बिडाचा होता, त्याचे आणि पोलादाचे पसरणे जवळपास सारखे. शिवाय इंजिन सांगाड्याला घट्ट आवळलेले, त्यामुळे पुढचे आणि मागचे टोक एकत्र हलायचे. टू-स्ट्रोकच्या काजळीमुळे सायलेन्सर चोंदला की तो काढून जाळायचा आणि पुन्हा बसवायचा, हे महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये नित्याचे काम होते. इतकी उघडझाप सोसूनही आटे तग धरत, त्याचे श्रेय या दोन गोष्टींना द्यायला हवे.

जपान्यांनी नटाचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. हेडच्या भोकात आटे पाडण्याऐवजी बाहेर दोन स्टड, त्यांवर फ्लँज, आत दबणारी पॅकिंग रिंग. स्टड खराब झाला तर स्टड बदलायचा, हेड वाचते. सायलेन्सरच्या मागच्या रबरी बुशमध्ये पोलादी नळी घालतात, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी तो नळीवर टेकतो आणि रबर चिरडले जात नाही. ती नळी हरवली आणि तिच्या जागी नुसता वॉशर आला, तर बुशचा उपयोगच संपतो.  

कमांडोने उभ्या केलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर मात्र हार्ले-डेव्हिडसनने दिले. 1980 च्या एफएलटी मॉडेलमध्ये त्यांनीही इंजिन रबरावर टांगले आणि स्विंगआर्म गिअरबॉक्सशी जोडला. एक्झॉस्टचा मुख्य आधार त्यांनी सांगाड्याकडे न नेता गिअरबॉक्सकडे नेला. नळी ज्याच्याबरोबर हलते, त्यालाच बांधली.

भारतात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 120 व्या नियमाने प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक आहे. तरीही बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटफटणारा बसवण्याची हौस कमी झालेली नाही, आणि पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो वेळोवेळी छापून येतात. आवाजाची चर्चा होते, बांधणीची होत नाही. बाजारातल्या सायलेन्सरचे वजन वेगळे आणि त्याच्या कानाचे भोक मूळ ब्रॅकेटशी जुळेलच असे नाही. मग बोल्ट घालून जोराने ओढून ते जुळवले जाते. तो ताण कायमचा पाइपमध्ये राहतो आणि काही महिन्यांत हेडचा स्टड तुटतो किंवा ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर जाते.

चांगला मेकॅनिक आधी सगळे नट-बोल्ट नुसते हाताने लावून घेतो. सायलेन्सर आपोआप जिथे बसेल तिथे बसू देतो. मग हेडकडचे नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळतो, नंतर मधला क्लॅम्प, आणि मागचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी. तिथे फट राहिली तर तो शिम भरतो, भोक सरकलेले असेल तर कानसीने लांबवतो. नायलॉनचे लॉक नट हेडजवळच्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून तिथे तो पितळी किंवा पूर्ण धातूचे नट वापरतो आणि स्टडला तांब्याचे ग्रीस लावतो. गाडी एकदा चांगली तापवून थंड झाली की सगळ्यांवर पुन्हा एकदा पाना फिरवतो.