कुर्ल्याची फियाट

राजघराण्यांच्या वंशावळी इतिहासात लिहिल्या जातात; यंत्रांच्या वंशावळी सहसा कोणी लिहीत नाही. परंतु ज्या यंत्राने एका शहराची तीन पिढ्या ने-आण केली, त्याचा वंश तपासला तर त्या शहरातील मालकांचा, कामगारांचा आणि सरकारी धोरणाचाही इतिहास हाती लागतो. मुंबईची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, हे असेच एक यंत्र होय.

आरंभ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून करावयास हवा. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही या देशात तयार व्हावीत, असा त्यांचा ध्यास होता. मुंबईत १९२८ पासून जनरल मोटर्स कंपनी मोटारी जुळवीत होती. परंतु परदेशाहून पेट्यांत आलेले भाग जोडणे आणि मोटार घडविणे यांत मोठे अंतर आहे. वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडल्या, आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले की, ज्यांना येथे भाग बनवावयाचे असतील त्यांनीच धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले कारखाने आवरले. संरक्षणाची भिंत उभी राहिली ती अशी.

त्या भिंतीआड १९५४ साली फियाट ११०० आली. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, नाक गोल आणि फुगीर. लोकांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले, आणि ते प्रेमाने ठेवले. त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे आली. १९६४ साली इटलीतील ११०० डी हा नमुना येथे ‘डिलाइट’ म्हणून निघाला. आता दारे नेहमीसारखी झाली, अंग चौकोनी झाले. १९७२ नंतर फियाटचे नाव जाऊन ती ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘पद्मिनी’ झाली. नावे बदलली, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि चालकाच्या हाताशी स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर मात्र वर्षानुवर्षे तेच राहिले.

आता तुरीनकडे पाहू. तेथे ११०० डी १९६६ सालीच थांबली आणि १९६९ साली पुढच्या चाकांनी ओढली जाणारी फियाट १२८ आली. जन्मगावी जे यंत्र चार वर्षांत जुने ठरले, ते कुर्ल्यात २००० सालाच्या सुमारापर्यंत तयार होत होते.

असे का झाले? मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. किती गाड्या काढाव्यात हे परवान्यावर ठरे. परदेशी चलन मिळत नसे. १९६९ साली सरकारने किमतींवरही नियंत्रण आणले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी की, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना नवा नमुना काढण्याची घाई कोणाला असणार?

तरीही ही गाडी टिकली, ती केवळ नाइलाजाने नव्हे. तिचे बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. रस्त्याकडेचा मिस्त्री पाना आणि पक्कड घेऊन तिला पुन्हा चालती करी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याचा संसार या सोयीवर उभा होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुर्ल्याच्या खात्यांत आणि गल्लीबोळांतल्या गॅरेजांत जे कसब साठले, तेच या उद्योगाचे खरे भांडवल होते, असे आम्ही मानतो. ताळेबंदात मात्र त्याचा रकाना नव्हता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि भिंतीला खिंडार पडले. कंपनीने १९८५ साली फियाट १२४ च्या घडणीची ‘११८ एनई’ काढली, १९९० नंतर फ्रान्सच्या प्युजोशी भागीदारी केली. पण उशीर झाला होता. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली येथील कामगार पगारासाठी लढले, म्हणून कारखाना बुडाला, असे म्हणण्याची एक प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही. कोणता नमुना काढावा, कधी बदलावा, नफा कोठे गुंतवावा, यांपैकी एकही निर्णय कामगाराच्या हाती नव्हता. ज्याला विचारलेच नाही, त्याच्या माथी निर्णयाचे पाप कसे मारावे?

टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. लोकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो काढले. ते योग्यच झाले. परंतु या वंशावळीतून घ्यावयाचा धडा हळहळीपुरता नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या कारखान्यांना आज पुन्हा सरकारी साहाय्य मिळत आहे. देशाच्या नावाने जो संरक्षण घेतो, त्याच्यावर देशाचे देणे चढते. ते देणे फेडले जाते नव्या यंत्रांनी आणि ती यंत्रे चालविण्याचे शिक्षण जुन्या कामगारांना देऊन. संरक्षण देताना ही अट कागदावर लिहून घ्यावी, आणि दरवर्षी तिचा हिशोब मागावा. कुर्ल्याला तो कोणी मागितला नाही.