दोन टाक्यांचा जुना पिकअप : दोष नेमका कुठे?

अमेरिकेत फोर्ड कंपनीचे १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९९०च्या दशकाचा पूर्वार्ध या काळातील 'एफ' मालिकेचे पिकअप ट्रक आजही वापरात आहेत. यातील अनेक गाड्यांना इंधनाच्या दोन टाक्या असून, दोन्ही मिळून सुमारे १३० ते १४० लिटर पेट्रोल मावते. डॅशबोर्डवरील स्विचने चालक हवी ती टाकी निवडतो. तेथे स्थायिक झालेल्या वाचकांपैकी कोणी अशी गाडी घेणार असेल, तर तिची इंधनव्यवस्था समजून घेणे हिताचे ठरेल.

पहिली चाचणी विनाखर्चाची

गाडी बंद पडली की पंप बदलण्याची घाई केली जाते. वस्तुतः दोन टाक्या हेच निदानाचे उत्तम साधन आहे. एका टाकीवर गाडी चालत नसेल, तर स्विच फिरवून दुसऱ्या टाकीवर चालवून पाहावी. दुसऱ्या टाकीवर ती सुरळीत चालली, तर दोष पहिल्या टाकीतील पंप, तिची वायरिंग किंवा निवडीचा स्विच यांत असतो. दोन्हींवर बंद पडत असेल, तर फ्यूज, रिले, फिल्टर, दाब-नियंत्रक असे सामाईक भाग तपासावेत. त्याआधी दोन्ही टाक्यांत थोडे पेट्रोल घालावे, कारण जुन्या गाडीचा काटा नेहमी खरे सांगतोच असे नाही.

चावी फिरवताच पंपाचा क्षणभर गुंजारव ऐकू येतो. दोन्ही टाक्यांवर तो येत नसेल, तर केबिनमध्ये प्रवाशाच्या पायाजवळ असलेला सुरक्षा-स्विच पाहावा. धक्का बसल्यास तो पंपाचा वीजपुरवठा तोडतो. गळती नसल्याची खात्री करूनच त्याचे बटण दाबावे. पंप वाजतो, पण इंजिन दम तोडते, अशा वेळी प्रेशर गेज लावून दोन्ही टाक्यांवरील दाबाची तुलना करावी. दाब-नियंत्रकाच्या हवेच्या नळीत पेट्रोल आढळल्यास त्याचा पडदा फाटला, असे समजावे.

सन महत्त्वाचा

१९९० पूर्वीच्या इंधन-फवारणीच्या गाड्यांत टाक्यांमध्ये कमी दाबाचे पंप आणि चॅसीवर जास्त दाबाचा एक सामाईक पंप असे. त्यामुळे चॅसीवरील पंप निकामी झाल्यास दोन्ही टाक्या निरुपयोगी ठरतात. १९९० पासून जास्त दाबाचा पंप प्रत्येक टाकीतच आला आणि इंजिनाकडून परतणारे पेट्रोल योग्य टाकीत सोडणारा व्हॉल्व्हही त्याच संचात बसविण्यात आला.

सर्वांत धोकादायक दोष

हा व्हॉल्व्ह झिजला की गाडी बंद पडत नाही. म्हणूनच दोष लक्षात येत नाही. इंजिनाला पुरविलेल्या पेट्रोलपैकी बराचसा भाग परत टाकीकडे येतो. तो चुकीच्या टाकीत गेल्यास वापरातील टाकी झपाट्याने रिकामी होते आणि दुसरी भरून झाकणातून पेट्रोल सांडू लागते. तापलेल्या धुराड्याजवळ ते सांडणे म्हणजे आगीला आमंत्रणच. पेट्रोल न भरताही एका टाकीचा काटा वर चढत असेल, तर गाडी चालविणे थांबवावे. दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही टाक्या काठोकाठ भरू नयेत. दोषी पंपसंच बदलणे हाच खरा उपाय होय.

दुरुस्ती करताना

नळी सोडण्यापूर्वी दाब उतरवावा, बॅटरीची तार काढावी आणि मोकळ्या हवेत काम करावे. ७० लिटर पेट्रोलचे वजन ५० किलोहून अधिक भरते. तेव्हा टाकी रिकामी केल्याशिवाय उतरवू नये. काही मेकॅनिक टाकी न उतरवता मालाचा हौदा उचलून वरूनच पंप काढतात. नवा पंप बसविताना फिल्टरही बदलावा आणि टाकीतील गंज साफ करावा. अन्यथा महिन्याभरात तेच दुखणे पुन्हा उद्भवण्याची शक्यता असते.