धुण्याचे पाणी पुन्हा धुण्याला

लाँड्रीतून बाहेर पडणारे सगळे पाणी सारखे मळलेले नसते. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पहिल्या पाण्यात माती, घाम, तेल, सोडा आणि सुटलेला रंग असतो. शेवटच्या खंगाळण्याचे पाणी जेमतेम गढूळ, आणि तेही भरपूर. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या यंत्रांतही क्रम हाच. तरी दोन्ही पाणी एकाच गटारात सोडायचे आणि मग शुद्धीकरण परवडत नाही म्हणायचे, ही आपली रीत. या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी विचारावे की हे पाणी पुढे कशाला वापरायचे आहे. पहिल्या धुण्याला वापरायचे असेल, तर त्यात थोडा साबण उरल्याने काय बिघडते?

हे पाणी विजेनेही साफ करता येते. त्यामागच्या विद्युत-रसायनाची पहिली ओळख चंचुपात्रातच करून घ्यावी. मळके पाणी घ्या, ॲल्युमिनियमचे दोन पत्रे बुडवा, एकदिश प्रवाह सोडा. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे धरतात. धनाग्र विरघळू लागते, त्याचे हायड्रॉक्साइड होते, आणि थोड्याच वेळात पाण्यात करडे पुंजके तरंगू लागतात. मळ त्यांना चिकटतो. काही पुंजके बुडबुड्यांबरोबर वर येऊन साय धरतात, बाकीचे तळाशी बसतात. हे तुरटी फिरवण्यासारखेच आहे. फरक इतकाच की तुरटीबरोबर सल्फेटही पाण्यात उतरते, पत्र्यातून उतरते ते फक्त ॲल्युमिनियम. शिवाय मात्रा विजेच्या बटणावर ठरते. फॅरडेच्या नियमाने १० अँपिअर प्रवाह तासभर सोडला, तर सुमारे ३.४ ग्रॅम धातू उतरतो. धुण्याचे पाणी अल्कधर्मी असल्याने प्रत्यक्षात पत्रे याहून जास्त झिजतात, कारण ऋणाग्रही थोडेथोडे विरघळते. बारावीचा हिशेब प्रयोगशाळेत असा चुकलेला पाहण्यात एक मजा आहे.

कल्पना जुनी आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये विल्यम वेबस्टर यांनी लोखंडी पत्रे वापरून सांडपाण्यावर असेच प्रयोग केले होते.

विरघळलेले डिटर्जंट मात्र पुंजक्यांना पुरते दाद देत नाही. त्यासाठी विद्युत-ऑक्सिडीकरण आहे: बोरॉनमिश्रित हिऱ्याचा थर दिलेल्या धनाग्रावर हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि सेंद्रिय रेणू तोडतात. ही धनाग्रे महाग असतात. पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरेटसारखी नको असलेली संयुगेही तयार होतात. माझे मत असे की खंगाळण्याच्या पाण्यासाठी इतका खटाटोप सहसा करू नये. रुग्णालयाच्या चादरींचे पाणी असेल, तर प्रश्न वेगळा.

अडचण खरी वेगळीच आहे. सोड्यातले सोडियमचे क्षार यातल्या कोणत्याही पद्धतीने निघत नाहीत. सुरुवातीला ते उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळेच पाण्यातून वीज सहज वाहते आणि बिल कमी येते. पण तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवले की क्षार साचत जातात. म्हणून दर फेरीत काही पाणी काढून टाकून तेवढे ताजे भरावे लागते. किती, याचा ताळेबंद पहिल्या प्रकरणात मांडला आहे. कागद-पेन्सिल घेऊनच तिकडे वळावे.